वारा, नाव आणि टेकलेले गुडघे



आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६७.

गेले चार दिवस रोजचं चिंतन लिहिता आलं नाही. तारकर्लीला गेलो होतो. पोथी सोबत होती, वाचनही झालं, पण लिहायला बसायचं धाडस होत नव्हतं. का, ते पुढे येईलच.

आधी श्लोकाचा भावार्थ. भगवंत सांगतात की इंद्रियं आपापल्या विषयांत भटकत असतात. त्यातल्या एखाद्याच्या मागे मन गेलं, की ते मन माणसाची प्रज्ञा हिरावून नेतं. कशी? तर पाण्यातल्या नावेला वारा ओढून नेतो तशी. इथे एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दहाही इंद्रियं उधळायची गरज नाही. मन एकाच्या मागे गेलं तरी पुरेसं आहे.

हा श्लोक मी किती वेळा वाचला असेन, पण दर वेळी डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. काळंकुट्ट आभाळ, उंच लाटा, फाटलेलं शीड. पुण्यात वाढलेला माणूस मी. माझ्यासाठी नाव म्हणजे पावसाळ्यात कागदाची आणि एरवी सिनेमातली. त्यामुळे वारा म्हणजे वादळ, आणि वादळ म्हणजे कुठलातरी मोठा मोह, जो आपल्यासारख्या साध्या माणसाच्या वाट्याला काही येत नाही, अशी सोयीस्कर समजूत करून घेतली होती.

आणि एक प्रश्नही कायम पडायचा. नाव वाऱ्याने वाहून गेली तर दोष कोणाचा? वारा नावेने बोलावलेला नसतो. मग माणूस मनाच्या ओढीने वाहून गेला, तर त्याला जबाबदार कसं धरायचं? ‘त्या क्षणी तसं झालं खरं, माझा नाइलाज होता’ हे आपण सगळेच म्हणतो. ते खोटं असतं का?

या प्रश्नाचं निदान माझ्यापुरतं उत्तर मला परवा कर्लीच्या पात्रात मिळालं, तेही चांगलं दोन-चार वेळा पाण्यात आपटल्यावर.

तारकर्लीच्या दक्षिणेला देवबाग आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची, सुरूंची अरुंद पट्टी. ही पट्टी जिथे संपते तिथे नदी समुद्राला मिळते, तो संगम. पलीकडे भोगवे. समुद्राच्या बाजूला लाटा असतात, पण नदीच्या बाजूला सकाळचं पाणी अगदी शांत, माडांचं प्रतिबिंब स्पष्ट दिसेल असं. तिथे एका ठिकाणी स्टँड-अप पॅडल बोर्डिंग शिकवतात. बायको म्हणाली, करून बघूया. मी म्हटलं, बघूया.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साधारण दहा-अकरा फूट लांब आणि अडीच-पावणेतीन फूट रुंद फळी असते. आमची हवा भरायची होती, पण हवा इतकी ठासून भरतात की हाताला लाकडासारखी लागते. खाली मागच्या बाजूला माशाच्या परासारखा फिन, घोट्याला बांधलेली दोरी म्हणजे लीश, अंगात लाइफ जॅकेट आणि हातात आपल्या उंचीपेक्षा वीतभर लांब वल्हं. या फळीवर उभं राहायचं आणि वल्हवत जायचं. उभ्याने होडी हाकणारे लोक जगभर पूर्वापार आहेत. खेळ म्हणून हे आज आपण पाहतो त्या रूपात आलं ते हवाई बेटांवरून, आणि जगभर पसरलं ते गेल्या वीसेक वर्षांत.

शिकवणारा मुलगा असेल बावीस-तेवीसचा, देवबागचाच. लहानपणापासून वडिलांबरोबर मासेमारीला जाणारा. त्याने सुरुवातीलाच माझं वल्हं काढून घेऊन उलटं फिरवून दिलं. वल्ह्याचं पातं दांड्याशी थोडं वाकलेलं असतं. आपल्याला वाटतं की ते चमच्यासारखं आपल्याकडे वळलेलं हवं. प्रत्यक्षात ते पुढे झुकलेलं धरायचं असतं. मी इंजिनिअर माणूस, बलांच्या आकृत्या काढून पास झालेलो, आणि पहिल्याच मिनिटाला उलटं धरलं होतं.

मग त्याने तीन गोष्टी सांगितल्या. पायाकडे बघू नका, समोर बघा. गुडघे सैल ठेवा. आणि तोल जातोय वाटलं तर वल्हं पाण्याबाहेर काढू नका, उलट पाण्यात घाला, कारण पाण्यातलं वल्हं म्हणजे तिसरा पाय. शेवटी एक चौथी गोष्ट सांगितली. आम्ही तोवर फोटो काढत होतो, त्यामुळे ती अर्धवटच ऐकली.

“वारो इलो की गुडघ्यार बसायचा.”

सुरुवात सगळ्यांची गुडघ्यावरूनच होते. गुडघ्यावर बसून थोडं वल्हवायचं, मग एकेक पाऊल टेकत उठायचं. पहिल्या खेपेला उठतानाच पडलो. दुसऱ्या खेपेला उभा राहिलो, खाली पाहिलं आणि पडलो. खारं पाणी नाकात गेलं. तिसऱ्या खेपेला पाय लटलट कापत होते. आपण तोल सावरायला जितकं ताठ होतो तितकी फळी जास्त हलते. चौथ्या खेपेला समोरच्या एका माडावर नजर ठेवली आणि उभा राहिलो. दहा सेकंद, वीस सेकंद, मग मिनिटभर. काठावरून टाळ्या आल्या. बायको मात्र गुडघ्यावरच बसून मजेत वल्हवत होती. म्हणाली, “मला असंच छान वाटतंय.” मला ते जरासं कमीपणाचं वाटलं. तिच्यासाठी, म्हणजे. आता लिहिताना लाज वाटते.

साधारण साडेदहाच्या सुमाराला मला एकदम जमायला लागलं. वल्हं जरा मारलं की फळी सरसर पुढे जायची. पाय कापायचे थांबले. मनात आलं, आपल्याला हे उपजतच येतंय की! बायको मागून काहीतरी ओरडली, मी हात हलवला. शिट्टी ऐकू आली, वाटलं, कौतुकाची असेल.

मंडळी, ती फळी मी चालवत नव्हतो. वारा सुटला होता आणि तो माझ्या पाठीवर होता.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकतो आपण. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो, ते खारे वारे. दोन-तीन गुणांचा प्रश्न. उत्तर मला तेव्हाही येत होतं आणि त्या दिवशीही आलं असतं. पण पाठीवरचा वारा अंगाला जाणवत नाही. समोरून आला तर डोळ्यांत पाणी येतं, मागून आला तर आपलं कौशल्य वाढल्यासारखं वाटतं. त्यात ओहोटी लागलेली. नदीचं पाणीही संगमाकडेच निघालं होतं.

परत फिरायचं ठरवलं तेव्हा कळलं. फळी आडवी झाली, वारा बाजूने लागला आणि मी पाण्यात. लीशमुळे फळी जवळच राहिली. वर चढलो. आता त्या मुलाचं वाक्य आठवलं होतं, अगदी शब्दशः आठवलं होतं. गुडघ्यावर बसायला हवं होतं. पण तेवढ्यात पर्यटकांची एक मोठी होडी बाजूने निघाली होती. त्यातले लोक बघत होते, एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता, कोणीतरी “कम ऑन!” ओरडलं. आणि मी उभा राहिलो. पडलो. पुन्हा उभा राहिलो. पुन्हा पडलो. तिसऱ्यांदाही उभा राहिलो. प्रत्येक खेपेला वारा मला आणखी वीस-तीस हात खाली नेत होता. होडी केव्हाच निघून गेली होती. बघणारं कोणी उरलं नव्हतं, तरी मी उभं राहायचा प्रयत्न करतच होतो. आणि पुढून, संगमाच्या बाजूने, लाटा फुटल्याचा आवाज यायला लागला होता.

तेव्हा पोटात गोळा आला. बोट उलटण्याची वगैरे भीती नव्हे. मी लाइफ जॅकेटमध्ये होतो, फळी पायाला बांधलेली होती. भीती वेगळीच होती. काय करायचं ते मला माहीत होतं आणि तरी मी ते करत नव्हतो.

तो मुलगा आला तो गुडघ्यावर बसून. रोज उभ्याने तासन्‌तास वल्हवणारा मुलगा, पण वाऱ्यातून माझ्याकडे येताना गुडघे टेकून, अंग पुढे झुकवून, लहान लहान वल्ही मारत आला. जवळ येऊन ओरडला नाही, रागावलाही नाही. “साहेब, गुडघ्यार बसा. पोटार पडलात तरी चलात.”

बसलो. फळी एकदम स्थिर झाली. त्याने मला उलट दिशेला सरळ वल्हवूच दिलं नाही. आधी देवबागच्या काठाकडे तिरकं नेलं, जिथे सुरूंच्या आणि माडांच्या आडोशाने वारा पडलेला होता. मग काठाकाठाने, थांबत थांबत परत. जिथून जाताना पाच-सात मिनिटं लागली असतील, तिथून यायला पाऊण तास लागला. हाताचे फोड अजून गेलेले नाहीत.

काठावर बसल्यावर मी त्याला विचारलं, एवढासा वारा, मला इतकं कसं नेलं? तो हसला. “उभो माणूस म्हणजे शीड, साहेब. वाऱ्याक शीड गावला की तो सोडता काय?”

हे ऐकलं आणि मी गप्प झालो. कारण मला माझ्या नावेचं शीड आठवलं. ते कर्लीच्या पात्रातलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे, जेमतेम दीड वर्षाचा अनुभव. शुक्रवारी संध्याकाळी डेटाबेसमध्ये बदल करणारी एक स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर चालवायची होती. तिने रिव्ह्यूला पाठवताना मला विचारलं होतं, “सर, टेबल मोठं आहे, हे तुकड्यातुकड्यांत चालवायला हवं का?” मी दुसऱ्या कशाततरी होतो. दोन मिनिटं नजर फिरवली आणि म्हटलं, “चालेल, टाक.” स्क्रिप्टने टेबल लॉक करून ठेवलं. ग्राहकांचं काम पावणेचार तास बंद पडलं. मी रात्री बसून ते सोडवलं, हेही खरं.

सोमवारी कारणमीमांसेची मीटिंग झाली. साहेबांनी विचारलं, स्क्रिप्ट कोणी चालवली? ती म्हणाली, “मी.” पुढे कोणी काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. उलट साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, तू रात्री होतास म्हणून वाचलो. आणि मंडळी, ते ऐकायला फार गोड वाटलं. खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. कोणावर आरोप केला नव्हता. फक्त पाठीवरून वारा येत होता आणि मी त्याच्याबरोबर जात होतो.

मराठीत एक वाक्प्रचार आहे, वारा येईल तशी पाठ द्यावी. लबाड माणसाविषयी बोलताना आपण तो वापरतो. मी स्वतःला त्यात कधीच धरलं नव्हतं.

आता श्लोकाकडे पुन्हा येऊ. एक इंद्रिय पुरे, असं भगवंत म्हणतात. माझं कोणतं? जीभ नव्हे, डोळे नव्हेत. कान. कौतुक ऐकायला सोकावलेले कान. रोज सकाळी या कानांनी हरिपाठ ऐकतो, आणि त्याच कानांना एका मीटिंगमध्ये स्तुतीचं एक वाक्य मिळालं तर प्रज्ञा वाहून गेली. होडीतल्या अनोळखी माणसाच्या “कम ऑन”च्या मागेही तेच कान गेले.

ज्ञानेश्वर माउलींनी नेवाशाला, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली. या ठिकाणी माउली नावेचा दृष्टांत आणखी एक पाऊल पुढे नेतात. त्यांची नाव मधल्या समुद्रात नाही, ती काठाला लागत आली आहे. आणि तिथे दुष्ट वारा गाठतो, तेव्हा टळलेलं संकट पुन्हा समोर उभं राहतं. तसंच पोहोचलेल्या पुरुषानेही कौतुकाने इंद्रियांचे लाड केले तर तो पुन्हा दुःखात सापडतो, असं माउलींचं सांगणं. मी काही पोहोचलेला पुरुष नाही. पण धोका काठाजवळ असतो, म्हणजे ‘आपल्याला जमलं’ असं वाटतं तिथे असतो, हे मला आता अंगावर फोड आल्यावर पटलं. पाय कापत होते तोवर मी सुरक्षित होतो. कापायचे थांबले आणि वाहून गेलो.

मग तो जुना प्रश्न. दोष कोणाचा? मला आता असं वाटतं. वारा येणं माझ्या हातात नाही. कौतुक गोड वाटणं, भीती वाटणं, पोट आवळणं, हे होणारच. त्याबद्दल स्वतःला झोडपण्यात अर्थ नाही. पण वाऱ्याला धरायला जागा किती द्यायची, हे माझ्या हातात असतं. मी उभा राहतो तेव्हा शीड होतो, बसतो तेव्हा नसतो. भगवंतांनी थोडं आधी, ५८व्या श्लोकात, कासवाचा दृष्टांत दिला आहे. कासव समुद्र थांबवत नाही, आपले अवयव आत ओढून घेतं. ‘नाइलाज होता’ हे वाक्य वाऱ्यापुरतं खरं असतं. शिडापुरतं ते खरं नसतं.

इथवर लिहून मी थांबलो होतो, कारण मलाच एक शंका आली. गीता तर उभं राहायला सांगते. पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्यबाण टाकून रथात बसतो, आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला भगवंत त्याला मनाचा दुबळेपणा सोडून ऊठ म्हणतात. मग गुडघे टेकण्याचं माहात्म्य सांगणं म्हणजे गीतेच्या उलट बोलणं नाही का? आपल्या भाषेतही ‘गुडघे टेकले’ म्हणजे हरला, शरण गेला.

दोन दिवस यावर विचार केला. अर्जुन बसला तेव्हा त्याने काय केलं? धनुष्य टाकलं. करायचं काम होतं, त्याकडे पाठ केली आणि वर युक्तिवादही केला. तो मुलगा वाऱ्यात गुडघ्यावर बसला तेव्हा वल्हं त्याच्या हातात होतं आणि तोंड माझ्या दिशेला होतं. दोघेही बसलेलेच, पण एकाने काम सोडलं होतं आणि दुसरा कामासाठीच खाली बसला होता. आणि अर्जुन तरी कायमचा तसाच राहिला का? दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात तो म्हणतो, मला काही कळेनासं झालंय, मी तुमचा शिष्य आहे, मला सांगा. माझ्या दृष्टीने अर्जुनाने खरे गुडघे टेकले ते तिथे. अठराव्या अध्यायात तो म्हणतो की माझा संशय गेला, मी आता उभा आहे. ते उभं राहणं या टेकण्यातून आलेलं आहे. मधली पायरी गाळून उभा राहणारा माणूस माझ्यासारखा असतो, होडीतल्या लोकांसाठी उभा राहणारा.

आणि मीटिंगमधला मी? खुर्चीत ताठ बसलो होतो, इस्त्रीचा शर्ट होता, आवाज स्थिर होता. पण धनुष्य टाकून दिलं होतं. याच अध्यायात अर्जुन विचारतो की स्थितप्रज्ञ कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो. मी हे नेहमी ‘शांत दिसतो’ असं वाचायचो. शांत तर मीही दिसत होतो.

त्याच संध्याकाळी तारकर्लीहून तिला फोन केला. सुट्टीच्या दिवशी लीडचा फोन म्हटल्यावर बिचारी घाबरली, आणखी काय बंद पडलं म्हणून. मी सांगितलं, तू मला विचारलं होतंस, मी न बघता हो म्हटलं होतं, आणि मीटिंगमध्ये मी ते सांगायला हवं होतं. माझं चुकलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, “सर, खरं सांगू? मला ओरडा बसला त्याचं इतकं नव्हतं वाटलं. मी विचारलं होतं हे तुम्हाला आठवतंय की नाही, तेच कळत नव्हतं. कधी कधी वाटायचं, आपण विचारलंच नव्हतं की काय.”

हे वाक्य मला वाऱ्यापेक्षा जास्त लागलं. मी गप्प राहिलो तेव्हा फक्त माझी अब्रू राखली असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी तिचा स्वतःवरचा विश्वास काढून घेत होतो. वाहून जाणारी नाव एकटी जात नाही. तिच्या वाटेत दुसऱ्यांच्याही होड्या असतात.

परत आल्यावर त्या मीटिंगमधल्या सगळ्यांना मेल लिहिला. कारणमीमांसेच्या कागदात दुरुस्ती केली, की धोका आधीच विचारला गेला होता आणि रिव्ह्यू करणाऱ्याने, म्हणजे मी, तो तपासला नाही. साहेब म्हणाले, “अरे, झालं गेलं, आता कशाला उकरतोस?” ते चांगल्या मनानेच म्हणाले, आणि पुन्हा तोच पाठीवरचा मऊ वारा जाणवला. या खेपेला निदान जाणवला. मी म्हटलं, राहू द्या दुरुस्ती.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. तिच्या या वर्षीच्या मूल्यमापनाचे आकडे आधीच वर गेले होते, ते बदलले नाहीत. पुढच्या वेळी लक्षात ठेवू म्हणाले. पाच मिनिटांत वाहून गेलेलं अंतर परत यायला पाऊण तास लागतो, आणि काही अंतर पाऊण तासातही भरून येत नाही. तिची वाढ माझ्या तीन आठवड्यांच्या मौनाने गेली असेल, तर ती माझ्या एका मेलने परत येत नाही. हे ओझं माझं आहे आणि ते वाहत राहायला हवं. म्हणूनच लिहायला धाडस होत नव्हतं. इथे रोज तुम्हाला चार शब्द सांगायचे आणि आपण हे करून बसलोय, हे कोणत्या तोंडाने लिहायचं? मग वाटलं, हेच लिहायला हवं. गुडघे टेकायचे तर इथेही टेकायला हवेत. आणि यावर तुम्ही ‘किती प्रांजळपणे लिहिलंत’ असं म्हणाल, तर तेव्हाही कान सांभाळायला हवेत.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी पुन्हा बोर्डवर गेलो. या वेळी आधी त्या मुलाला विचारलं, आज वारा कसा? तो म्हणाला, त्याचे बाबा सांगतात, “आधी वारो बघ, मगे पाणी.” साडेसातपासून साडेनऊपर्यंत उभ्याने वल्हवलं. एक धीवर समोरच्या खांबावरून सूर मारून मासा घेऊन गेला, तोही पाहिला. मग माडांच्या झावळ्या हलायला लागल्या तेव्हा, कोणी सांगायच्या आधी, खाली बसलो. बायको शेजारीच होती, पहिल्या दिवसासारखीच गुडघ्यावर. तिने फक्त पाहिलं आणि हसली. आम्ही दोघं काठाकाठाने परत आलो.

आजचा संकल्प : दिवसभरात जिथे कौतुक ऐकून पाठ हलकी वाटेल, तिथे क्षणभर थांबून स्वतःला विचारायचं, ही माझी गती आहे की वाऱ्याची? आणि ज्याच्यासमोर गुडघे टेकायचे राहिलेत असं एक माणूस आठवायचं. प्रत्येकाचं एक तरी असतंच. आज त्याला फोन करायचा.

पांडुरंगा, वारा थांबव असं मी मागत नाही. तो येतोय हे वेळेवर कळू दे, आणि कळल्यावर खाली बसायची लाज वाटू देऊ नकोस. वल्हं मात्र हातातून सुटू देऊ नकोस.

उद्या श्लोक ६८.

राम कृष्ण हरी.